रोडगे, वांगी आणि एअर फ्रायर

घरात एअर फ्रायर आला, पण रात्री त्यात करायचे काय, हे सुचत नाही? मी म्हणेन, रोडगे करा. रोडगे आपल्या गोव्यातले नव्हेत. ते विदर्भातले, आणि त्याला लागून असलेल्या पांढुर्णा-सौंसरचेही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. पण सरकारी नकाशा बदलला म्हणून चुलीवरचे जेवण बदलत नाही, हे १९६७च्या जनमत कौलानंतरच्या गोवेकरांना वेगळे सांगायला नको!

गव्हाच्या जाडसर पिठात मीठ, ओवा आणि थोडे तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवा. लिंबाएवढे गोळे किंचित दाबून बास्केटच्या एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला आगशीच्या वांग्याच्या आणि बटाट्याच्या फोडी, तेल-तिखट-मीठ चोळून. १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे, मध्ये एकदा उलटून. दाटी करू नका. पंख्याने फिरणारी गरम हवा प्रत्येक गोळ्याला सगळीकडून लागायला हवी. रोडगा फोडून वर साजूक तूप घाला. झाले जेवण.

गोवऱ्यांच्या निखाऱ्याचा वास मात्र यंत्रात येत नाही. आणखीही एक गोष्ट येत नाही. तिकडे रोडगे शेतात किंवा मारुतीच्या देवळापुढे, पंगतीसाठी होतात. म्हणून चार गोळे जास्त करा आणि शेजाऱ्यांना हाक मारा.