तिसरा अंतरा

घरी टेप केलेल्या गाण्यात गाणं थोडं असतं आणि घर जास्त. स्टुडिओत गायक आणि साथीदार सोडून कुणाला मुभा नसते. घरच्या कॅसेटवर मात्र सगळेच येऊन बसतात. पंपाच्या स्टोव्हची भरभर, जिन्यावरच्या चपला, गल्लीतला भंगारवाला, खडकेश्वराकडून येणारी घंटा, लांबची अजान. औरंगपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात 1989 च्या मे महिन्यात टेप केलेलं एक गाणं मी यंदा पुन्हा हाती घेतलं आहे. कॅसेटवर ताईच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘आई – पाणचक्की – औरंगाबाद’.

शब्द ताईचे. ती तेव्हा कॉलेजात होती आणि दुपारभर वही भरत बसायची. चाल आईच्या माहेरची, कन्नड तालुक्यातली, जात्यावरची. पेटी माझ्याकडे आणि गायला आई.

पाणचक्की आमच्या शहरातल्या प्रत्येक मुलानं शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी, फौजेसाठी पीठ पडायचं. मलिक अंबरनं सतराव्या शतकात या शहराला नहरींची विद्या दिली, तिचंच हे पुढचं लेकरू. ताईनं त्या वयात तिथं उभं राहून एक प्रश्न विचारला होता: इथं दगड पाणी फिरवतं, बाईचा हात मोकळा झाला, मग जात्यापाशी गायचं ते मनातलं बाईनं आता कुणाला सांगायचं? दोन अंतऱ्यांत हा प्रश्न येतो. उत्तर तिसऱ्यात होतं, पण तो कॅसेटवर नाही. दुसरा अंतरा संपून पेटीवर धून सुरू होते तोच खालून कुणीतरी ओरडतं, “नळ आला!” आईच्या बांगड्या वाजतात, बादली दगडावर आपटते आणि गाणं तिथंच थांबतं.

या शहरात नळापुढे गाणं थांबलं याचं कुणाला नवल वाटणार नाही. पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, तरी इथल्या बायांनी वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाण्याची वाट पाहिली आहे. ज्या गाण्यात पाणी बाईचं काम हलकं करतं, ते गाणं पाणी भरायला उठावं लागल्यामुळे अर्धं राहिलं. मला ही गोष्ट अजूनही टोचते.

कॅसेट उघडली तेव्हा आतली, फितीला हेडवर दाबून धरणारी लोकरीची गादी गळून पडली होती. शहागंजच्या बाजूला जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी फीत उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, “टेप तो जिंदा है, बेटा. घर बदलना पडेगा इसका.” स्क्रूच्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात त्यांनी ती फीत अशी हलक्या हातानं बसवली की पाहत राहावं. मग डेकच्या हेडजवळचा बारीकसा स्क्रू किंचित फिरवला, आणि इतकी वर्षं घोंगडीखालून आल्यासारखा वाटणारा आवाज एकदम समोर आला. हेडचा कोन ज्या यंत्रावर टेप झालं त्याच्याशी जुळला नाही, तर वरचे सूक्ष्म स्वर हरवतात. फितीत ते सगळे शाबूत होते.

घरी येऊन पहिल्यांदा ते सगळं जसंच्या तसं संगणकावर उतरवलं, 24 बिटमध्ये, आणि त्या फाइलला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. जे करायचं ते नकलेवर.

नीट ऐकायला लागल्यावर दिसलं की सूर चढत जातो. सुरुवातीला ‘सा’ काळी चारच्या जरासा वर, शेवटी जवळजवळ पांढरी सहावर. कारण आठवलं. विजेवर टेप लावला की त्यात घुंई उतरायची, म्हणून आम्ही सेल घालून टेप केलं होतं, आणि सेल उतरत चालले होते. मोटर मंदावत गेली. मंद वेगानं भरलेली फीत नेहमीच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं वाजवली की स्वर वर जातो. वेगात शेकडा सहाचा फरक पडला की एक अख्खी पट्टी सरकते. ती पेटी अजून घरात आहे. तिच्यावर काळी चार धरून बसलो आणि तिच्या आधारानं गाण्याचा वेग थोडा थोडा खाली आणत गेलो.

आणि मग आई बदलली. इतकी वर्षं आम्ही त्या कॅसेटमधला आवाज कोवळा, पातळ म्हणून लाडानं ऐकत होतो. खरा आवाज त्याहून भरीव होता, खालच्या स्वरांत जरा दमलेला. चार जणांचा स्वयंपाक उरकून, मे महिन्याच्या दुपारी पोरांच्या हट्टापायी गायला बसलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा. मला तो जास्त आवडला.

आणखी एक गोष्ट त्या फितीनं जपली होती. कॅसेट गुंडाळलेली पडून राहिली की एका थरावरचं चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकंसं उमटतं. त्यामुळे आई गायला लागण्याच्या क्षणभर आधी तोच शब्द अगदी पुसट ऐकू येतो. ते पुसून टाकण्याची सोय आहे. मी पुसलं नाही.

आवाज वेगळा काढण्याची विद्या आता घरच्या संगणकापर्यंत आली आहे. बीटल्सच्या जॉन लेनननं 1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या घरी, पियानोवर बसून ‘नाऊ अँड देन’ साध्या कॅसेटवर गायलं होतं. 1995 साली उरलेले तीन बीटल्स त्यावर काम करायला बसले, पण पियानो आवाजाला चिकटलेला होता, घुंईही होती. त्यांनी ते सोडून दिलं. पुढे यंत्राला शिकवून आवाज आणि वाद्य वेगळं करता येऊ लागलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ते गाणं जगापुढे आलं. मधल्या काळात त्या तिघांतले जॉर्ज हॅरिसनही गेले होते. त्यांनी 1995 ला वाजवलेली गिटार मात्र त्या गाण्यात आहे. त्याच जातीच्या साधनानं मी आईचा आवाज पेटीपासून सोडवून पाहिला. स्वच्छ निघाला, आणि परका वाटला. स्टोव्ह नाही, गल्ली नाही, आई कुठं बसून गातेय तेच कळेना. फितीची खरखर काळानं आणली, ती कमी केली. स्टोव्ह घरानं आणला होता, तो ठेवला.

राहिला तिसरा अंतरा. ताईच्या वहीत तो सापडला. त्यात पाणचक्कीपाशी आलेली बाई जातं हरवलं म्हणून रडते. ताईनं तो फोनवर वाचून दाखवला आणि आईनं पलंगावरूनच मान हलवली.

“जातं गेलं ते चांगलंच झालं गं. पहाटं तीनला उठून पायलीभर दळून बघ एकदा. हाताला घट्टे पडायचे. रडायचं कशाला त्याच्यासाठी? गाणं कशाला जाऊ दिलं पण?”

या शेवटच्या एका वाक्यात जे आहे, त्यासाठी काही माणसांनी आयुष्य दिलं. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या मुक्या व्हायला लागल्या, तेव्हा पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी 1980 च्या दशकापासून त्या गोळा करायला घेतल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. 1990 च्या दशकात बर्नार बेल यांनी त्या गाणाऱ्या कितीतरी बायकांचं ध्वनिमुद्रण केलं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी जात्याच्या चालीवर बाबासाहेब गायले, ते 1996 चं. 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे ‘पारी’ची माणसं तीच जुनी ध्वनिमुद्रणं घेऊन गावांत परत गेली. काही गायिका नव्हत्या. ज्या होत्या, त्या पुन्हा गायल्या, आणि गाताना त्यांनी नव्या ओव्या घातल्या. मला हे फार योग्य वाटतं. ओवी कधीच पुरी झालेली नसते. आजीनं जिथं तिच्या भावाचं नाव घातलं, तिथं नात आपल्या भावाचं घालते आणि ओवी तीच राहते. जुन्या गाण्यावर पुन्हा काम करण्याची आपल्याकडची पद्धत हीच आहे, आणि ती बायकांनी घालून दिली आहे.

ताईनं तिसरा अंतरा नव्यानं लिहिला. आता त्यातली बाई मोकळ्या हातांकडे पाहते, हौदाच्या काठावर टेकते आणि कुणी दळायला लावलेलं नसताना गाते.

गायली आईच. ऐंशीच्या घरातला तिचा आवाज आता पांढरी चारवर बसतो, जुन्यापेक्षा तीन पट्ट्या खाली. संगणकानं तो उचलून काळी चारला नेता आला असता, कुणाला कळलंही नसतं. पण मग पस्तीस-छत्तीस वर्षं कुठं गेली असती? म्हणून मी दोन्ही आवाज आपापल्या जागी ठेवले. बादली आपटते, जुनी फीत थांबते, तिथून पेटी सुरू होते आणि एकेक पट्टी उतरत पांढरी चारवर येऊन उभी राहते. मग आजची आई गाते. तिचा श्वास पुरत नाही तिथं ओळ तुटते, तिथं पेटी थांबून राहते. आताच्या घरात स्टोव्ह नाही, पण बाल्कनीतली कबुतरं आणि खालच्या टँकरची मोटर आली आहे. तीही ठेवली.

तुमच्याही माळ्यावर, कपाटाच्या तळाशी अशी एखादी कॅसेट असेल. पुढच्या पावसाळ्याच्या आत ती काढा, ओलीनं फितीवर बुरशी धरते. वाजवून पाहण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा, मूळ जसं आहे तसं उतरवून वेगळं ठेवा, आणि साफसफाईत घराचे आवाज घालवू नका. त्यात गाणारं माणूस अजून तुमच्या घरात असेल, तर राहिलेला अंतरा त्याच्याकडूनच गाऊन घ्या, आजच्या त्याच्या पट्टीत.