उपाशी पेशीचा हिरवा दिवा

नेपल्सहून पोत्सुओलीला उतरलो आणि आधी नाकात शिरला तो गंधकाचा वास. इथली जमीन श्वास घेते म्हणतात, ते खोटं नाही. रोमन काळच्या बाजारपेठेत संगमरवराचे तीन खांब उभे आहेत. त्यांच्यावर माझ्या डोक्याच्याही वर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं आहेत. म्हणजे ही जमीन खांबांसकट समुद्रात बुडाली आणि पुन्हा वर आली! मी तिथेच खिळलो होतो, पण भाचीनं दंड धरून ओढलं. "मामा, चल ना, माझ्याकडे याहून भारी आहे."

तिची संशोधन संस्था, टिजेम, ऑलिवेट्टी कंपनीच्या जुन्या कारखान्यात आहे. कामगारांना झाडं आणि समुद्र दिसावा म्हणून लुइजी कोसेन्झा या वास्तुकारानं तो मुद्दाम तसा बांधला. उघडला 1955 साली. त्याच वर्षी शास्त्रज्ञ द द्यूव्ह यांनी पेशीतल्या लयकारिकांचं बारसं केलं. शाळेत आपण त्यांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणून पाठ केलं. किती अन्यायाचं नाव! पेशीतला मोडका माल पचवून त्यातून पुन्हा कामाचं सामान काढणाऱ्या त्या पिशव्या आहेत.

अंधाऱ्या खोलीत भाचीनं पडद्यावर पेशी दाखवल्या. टीएफईबी नावाच्या एका प्रथिनाला चमकणारा हिरवा रंग जोडलेला. पेशी पोटभर जेवलेल्या होत्या, म्हणून हिरवा उजेड सगळीकडे पसरलेला, आणि मधोमध केंद्रकाचा काळा गोल. मग तिनं पोषक द्रव काढून नुसतं क्षाराचं पाणी घातलं. आम्ही कॉफी पिऊन तासाभरानं परतलो, तर सगळं उलटं! कडा काळोख्या आणि प्रत्येक पेशीच्या पोटात एकेक हिरवा दिवा. गाभाऱ्यात समई लागावी तसा. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

अन्न मुबलक असतं तेव्हा लयकारिकेच्या पाठीवर बसलेलं एमटॉर नावाचं प्रथिन टीएफईबीवर फॉस्फेटची खूण चढवतं. ती खूण पाहून दुसरी प्रथिनं त्याला बाहेरच धरून ठेवतात. उपास पडला की एमटॉर थंडावतं, लयकारिका कॅल्शियम सोडते, कॅल्सिन्युरिन नावाचं प्रथिन ती खूण पुसतं आणि टीएफईबी केंद्रकात शिरतं. तिथे डीएनएवरची दहा अक्षरांची एक ओळ हुडकून ते तिथे बसतं, आणि स्वतःचेच भाग खाण्याची, म्हणजे स्वभक्षणाची, व लयकारिकांची जनुकं एकदम जागी होतात. जनुकं जागी होण्याचं हे कोडं 2009 आणि 2011 साली उलगडलं ते याच संस्थेत. मला थक्क केलं ते या वाटेनं. भुकेची वर्दी केंद्रकाला देते ती स्वयंपाकघरातली पिशवीच, आणि केंद्रक हुकूम सोडतं तोही आणखी पिशव्या घडवण्याचा.

पण काही मुलांच्या लयकारिकांत जन्मतःच एखादं पाचक प्रथिन नसतं, आणि पेशीत माल साचत जातो. पाँपे रोगात स्नायूंमध्ये असं ग्लायकोजेन तुंबतं. टीएफईबी वाढवल्यावर या रोगाच्या उंदरांत ते कमी झालं, हे सांगताना भाचीचा आवाज बदलला. भिंतीवर अशा मुलांचे फोटो होते. त्यातल्या एकाला पुढचे दोन दात नव्हते, आणि तो खळखळून हसत होता.

"आता जेवू घालते त्यांना," म्हणत तिनं पोषक द्रव पुन्हा ओतला. दिवा हळूहळू विरघळत कडांकडे पाझरू लागला. "मामा, शेवटची बस जाईल."

मी म्हटलं, "जाऊ दे."