कण्हेरीची कुंडी

वसईची वाडी सोडून आई आमच्या खारघरच्या सदनिकेत राहावयास आली, तेव्हा विहिरीकाठच्या कण्हेरीची एक फांदी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. जाळी लावलेल्या सज्जात ती रुजली, फुललीही. वाडीचे तेवढेच तिच्यापाशी उरले होते.

त्याच सज्जात आमची बजरीगर पक्ष्यांची जोडी असे. बाजारात त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. आपला देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. हे पाहुणे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. एका सायंकाळी पिंजरा उघडला असता नर थेट कण्हेरीवर जाऊन बसला. पानाला चोच लागण्यापूर्वीच मी त्याला उचलले.

कण्हेरीचे मूळ, खोड, पान, फूल, सारेच विषारी. ते विष हृदयाची लय बिघडवते. आणि या पाखराचे वजन ते किती? अवघे ३०-४० ग्रॅम!

मग मी प्रत्येक कुंडी तपासली. मनीप्लांट आणि डिफेनबाखिया ही अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजतो, तो त्यातील सुईसारख्या स्फटिकांमुळे. पाखराच्या तोंडात तीच आग होणार. त्या कुंड्या जिन्यात गेल्या. त्यांच्या जागी जास्वंद, अरेका पाम आणि स्पायडर प्लांट आले. पण लगेच नव्हे. रोपवाटिकेतील फवारणीचे औषध कधी कधी रसातही भिनते, ते पान धुऊन जात नाही. म्हणून नवी रोपे काही आठवडे निराळी ठेवली. पेरणीच्या बियाण्यालाही औषध चोळलेले असते. तेव्हा स्वयंपाकघरातलेच धने रगडून पेरले.

राहिली कण्हेर. आईला कसे सांगावे, हे मला सुचेना. तिनेच विषय काढला.

“अरे, वाडीत आपल्या शेळ्यांनी कधी कण्हेरीला तोंड लावले नाही. पण त्यांना सारे रान मोकळे होते. ही बिचारी कोंडलेली. समोर येईल तेच कुरतडणार. त्यांच्या वतीने निवड आपणच करायला नको का?”

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या कुंपणालगत, मुलांच्या खेळण्यापासून दूर, आम्ही कण्हेर लावली. आई खिडकीतून तिच्याकडे पाहते आणि सकाळी पाखरांना कोवळी कोथिंबीर खुडून घालते.