सर्वांचे यंत्र

कागद, कलम, शाई आणि नकाशा हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. हेच शब्द उर्दूत काग़ज़, क़लम, सियाही आणि नक़्शा असे थोड्या वेगळ्या रूपात आहेत. आज मी तुम्हांला अशा एका यंत्राची ओळख करून देणार आहे, ज्याला हे चारही शब्द लागतात. त्याचे नाव प्लॉटर.

प्लॉटर म्हणजे मोठे नकाशे काढणारे यंत्र. झेरॉक्सच्या दुकानात नेहमी वापरतात तो कागद ए-४ आकाराचा असतो. असे १६ कागद जुळवून ठेवले की ए-० हा आकार होतो : ८४१ मिलिमीटर रुंद आणि १,१८९ मिलिमीटर लांब. इमारतींचे व पुलांचे नकाशे अशा मोठ्या कागदांवर काढतात. जुन्या प्लॉटरमध्ये खरोखरच पेन बसवलेले असे. संगणकाच्या हुकमाने ते कागदावर फिरे. पुढे शाईचे बारीक थेंब फवारणारे प्लॉटर आले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे १९८३ साली आणि यवतमाळ येथे १९९६ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे खेड्यापाड्यांतील मुलांना हे शिक्षण जवळ आले. जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मी अनेक वर्षे सांभाळली. संगणक पुष्कळ होते. प्लॉटर मात्र एकच!

नकाशे देण्याचा शेवटचा दिवस जवळ आला की गर्दी उसळे. संगणक आलेली कामे क्रमाने रांगेत लावतो. पण कागद लवकर बाहेर आला नाही की अधीर मुले पुन्हा बटण दाबत. मग एकच नकाशा दोनदा निघे. कागद वाया, शाई वाया आणि मागच्यांचा वेळही वाया! म्हणून आम्ही तीन नियम केले. आधी लहान कागदावर नकाशा काढून चुका तपासायच्या. वहीत नाव व वेळ लिहायची. बटण एकदाच दाबायचे.

एकदा एक मुलगा म्हणाला, “सर, माझे काम आधी घ्या. माझे वडील साहेबांच्या ओळखीचे आहेत.” मी त्याला वही दाखवली आणि त्याच्या जागी उभे केले. त्याच संध्याकाळी उमरखेडकडची एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, माझी शेवटची एसटी सुटेल.” तिच्यापुढे तिघे होते. मी स्वतः निर्णय दिला नाही. त्या तिघांनाच विचारले. “जाऊ द्या सर, तिचे आधी काढा,” ते म्हणाले. तिला गाडी मिळाली.

दोघांनीही रांग मोडायलाच सांगितले होते. मग फरक कोणता? एकाला दुसऱ्यांचा हक्क ओळखीच्या जोरावर हवा होता. दुसरीला तो हक्कदारांनी आपखुशीने दिला. रांगेतली जागा ज्याची असते, ती देण्याचा अधिकारही त्याचाच असतो. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याचाही तो नसतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही अशा वस्तू असतील : एखादा संगणक, वाचनालयातले पुस्तक, पाण्याचा नळ. ज्याची कोणाशी ओळख नाही, त्याला रांगेचाच आधार असतो. तो आधार काढून घेऊ नका. आणि एखाद्याची अडचण खरी असेल, तर आपली जागा त्याला आनंदाने द्या.