सामना कां अडला?

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याची २ तारीख आमच्या घरांत कोणी विसरेल असें वाटत नाहीं. त्या दिवशीं नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारत व दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि भारतीय महिलांनीं तो चषक प्रथमच जिंकिला, हें सर्वांस ठाऊकच आहे. परंतु त्याच रात्रीं आमच्या घरींही एक सामना चालला होता. त्यांत एका बाजूस मी होतों व दुसऱ्या बाजूस आमचें इंटरनेट. त्या सामन्यांत हार कोणाची झाली, तें येथें प्रामाणिकपणें लिहून ठेवावें असें मनांत आहे.

आमच्याकडे केबल किंवा डिश नाहीं. सामना पहावयाचा तो टी. व्ही.वर इंटरनेटच्या द्वारें. या सर्व यंत्रांची व्यवस्था माझ्याकडे असते. बाबांना त्यांत गोडी नाहीं, आईला सवड नाहीं. कोणाचा मोबाईल अडला कीं मला हांक येते, आणि खरें सांगावयाचें तर त्या हांकेनें माझी छाती थोडी फुगते. त्या दिवशीं तर शेजारचे तात्या व त्यांच्या घरचीं मंडळी धरून आम्ही दहा-बारा जण जमलों होतों. माझी धाकटी बहीण शाळेच्या संघांत फिरकी गोलंदाजी करते. “दीप्ति शर्माचा एकही चेंडू चुकतां कामा नये हं, दादा,” असें तिनें मला सकाळींच बजाविलें होतें.

पावसामुळें तीनचा सामना पांच वाजतां सुरू झाला. भारताच्या २९८ धांवा होईपर्यंत सर्व कांहीं सुरळीत होतें. मध्यंतरांत मी आंतल्या खोलींत जाऊन आलों. तेथें काय केलें तें पुढें येईलच. दक्षिण आफ्रिकेचा डाव रंगूं लागला, आणि कर्णधार हरमनप्रीत कौर हिनें चेंडू शफाली वर्मा हिच्या हातीं दिला. शफाली म्हणजे ८७ धांवा काढणारी फलंदाज! ती काय गोलंदाजी करणार, असें तात्या म्हणतात न म्हणतात तोंच चित्र धूसर झालें. शफालीच्या हातांतून सुटलेला चेंडू हवेंत तसाच राहिला, आणि पडद्याच्या मध्यभागीं तें वाटोळें चक्र फिरूं लागलें.

इतक्यांत समोरच्या वाड्यांतून मोठी आरोळी उठली. त्यांच्याकडे डिश आहे. सुने लूस बाद झाली होती व तें सबंध गल्लीला कळलें होतें; आम्हांलाच काय तें दिसलें नव्हतें. सर्वांनीं माना वळवून माझ्याकडे पाहिलें.

असें चित्र कां अडतें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सामना आपल्याकडे सलग धारेनें येत नाहीं. त्याचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकडा बारीक व भरड अशा अनेक प्रतींचा तयार ठेवितात. आपल्या घरचें ॲप पुढचे कांहीं तुकडे आधींच आणून सांठवितें. आमच्या वाड्यांत हौद आहे, तसाच हा प्रकार समजावा. नळाची धार मधेंच बारीक झाली तरी हौदांत पाणी आहे तोंवर कोणाचें अडत नाहीं. धार मंदावली कीं ॲप भरड प्रत मागवितें, म्हणून चित्र प्रथम धूसर होतें. तेवढ्यानेंही भागलें नाहीं व हौद रिकामा झाला कीं चित्र थांबतें. जुना चित्रपट पाहतांना हा हौद पुष्कळ भरून ठेवितां येतो. चालू सामन्याचें तसें नाहीं. जो चेंडू अजून पडलाच नाहीं, तो आधीं आणून सांठविणार कसा? म्हणून येथें हौद लहान, आणि जरा कांहीं बिनसलें कीं कोरडा. हे तुकडे पाडण्यांत व सांठविण्यांत वेळ जातो, त्यामुळें इंटरनेटवरचा सामना पुष्कळदां अर्धा-पाऊण मिनिट मागें असतो. समोरच्या वाड्याची आरोळी आमच्याआधीं येते ती त्यामुळेंच.

हें सर्व मला त्या रात्रींही ठाऊक होतें. तथापि दहा-बारा माणसें आपल्याकडे पाहूं लागलीं कीं ज्ञान कोठें जातें कोण जाणें! मीं पहिल्यानें दोष दिला तो कंपनीला. “एवढ्या लोकांचा भार त्यांच्या यंत्रांना झेपत नाहीं,” असें मीं मोठ्या ऐटींत सांगितलें. वास्तविक १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादचा अंतिम सामना इंटरनेटवर एकाच वेळीं ५ कोटि ९० लाख प्रेक्षक पाहत होते. म्हणजे अशी गर्दी पेलण्याची विद्या आपल्या देशांत आहे.

कंपनीवर दोष टाकून चित्र कांहीं सुरू होईना. तेव्हां मीं दुसरा गुन्हेगार शोधिला.

आमचे काका मस्कतला नोकरीस असतात. दर रविवारीं रात्रीं नऊच्या पुढें त्यांचा व्हिडिओ कॉल येतो आणि आजी आठवड्याच्या साऱ्या गोष्टी त्यांना सांगते. तीन वर्षांत काकांचें घरीं येणें झालेलें नाहीं. त्या रात्रींही ती माजघरांत मोबाईल दोन्ही हातांनीं धरून बसली होती. मी दारांतूनच ओरडलों, “आजी, तो कॉल बंद कर आधीं! सगळें नेट तूंच खातेस!” आजी एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली. मग मोबाईलकडे वळून हळूच म्हणाली, “मुलांना सामना दिसत नाहीं रे. ठेवतें आतां.” आणि तो बंद मोबाईल मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

चित्र सुरू झालें आणि दोन मिनिटांत पुन्हां थांबलें. भरीस भर म्हणून टी. व्ही.वरचें ॲप आपोआप बंद पडलें. येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. चित्र अडणें हें बहुधा वाटेंतल्या धारेचें दुखणें असतें. ॲप मुळींच बंद पडणें हें बहुधा त्या यंत्राचें स्वतःचें दुखणें. आमच्या टी. व्ही.ची सांठवण निरुपयोगी ॲपांनीं गच्च भरली होती. मीं चार ॲपें काढून टाकिलीं, सामन्याच्या ॲपमधील तात्पुरता सांठा पुसला, तें अद्ययावत् केलें, आणि टी. व्ही.ची तार भिंतींतून काढून पुन्हां लाविली. एवढ्या अवधींत शफालीनें मारिझान काप हिलाही बाद केलें. तेंही आम्हीं आरोळीवरूनच ओळखलें. बहीण आतां माझ्याशीं बोलत नव्हती.

ॲप बंद पडणें थांबलें, पण चक्र कांहीं सुटेना. मग माझी दृष्टि राउटरकडे गेली. तो आम्हीं नीट दिसूं नये म्हणून लोखंडी कपाटामागें ठेविला होता. शोभेपुढें मनुष्य काय काय करतो! वाड्याच्या भिंती दीड हात जाड, त्यांत मधें लोखंड. वायफायच्या लहरी त्यांतून कितीशा जाणार? मीं राउटर उंच कोनाड्यांत मोकळा ठेविला आणि टी. व्ही. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर घेतला. २.४ ची लहर दूर जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही गर्दी असते. ५ ची लहर भिंतींना लवकर हार जाते, पण जवळच्या जवळ फार वेगवान. थोडा वेळ चित्र सुरेख दिसलें. तात्या “शाबास!” म्हणाले. आणि पुन्हां चक्र.

तेव्हां बाबा शांतपणें म्हणाले, “अरे, तुझ्या मोबाईलच्या स्वतःच्या डेटावर तरी दिसतो का बघ.” यंत्रांत रस नसलेल्या माणसानें सुचविलेली ही युक्ति त्या रात्रींची सर्वांत शहाणपणाची होती. मीं मोबाईलचें वायफाय बंद करून सामना लाविला. तो अगदीं सुरळीत चालला! म्हणजे कंपनी निर्दोष. दोष आमच्या घरांत. मग मीं राउटरपासून टी. व्ही.पर्यंत सरळ तार जोडली. तरीही चित्र अडलें, म्हणजे वायफायही निर्दोष. आमच्या घरांत येणारी मूळ धारच कोणीतरी पीत होतें.

मीं जमिनीवर बसून हिशेब केला. आमची जोडणी सेकंदाला ४० मेगाबिटांची. स्पष्ट चित्राला सहा ते आठ पुरतात. आजीच्या कॉलला फार तर दोन-तीन. हा बेरजेचा हिशेब मला तास-दीड तासापूर्वींही करतां आला असता. उरलेले तीस कोठें गेले? राउटरच्या पानावर कोणतें यंत्र किती घेत आहे याची यादी दिसते. ती उघडली, तों सर्वांत वर माझ्याच संगणकाचें नांव होतें.

मी आंतल्या खोलींत गेलों. मध्यंतरांत मीं एका खेळाची नवी आवृत्ति उतरवून घेण्यास लाविली होती आणि साफ विसरलों होतों. साठ गिगाबाइटांचा तो खेळ अंधारांत मुकाट्यानें उतरत होता. अशा कामाला मर्यादा नसते. जेवढी धार मिळेल तेवढी तें ओढून घेतें. मीं तें थांबविलें. बाहेरच्या खोलींतून लगेच आवाज आला, “दिसलें, दिसलें! काय स्वच्छ दिसतें आहे!”

बाहेर आलों तेव्हां तात्यांनीं माझी पाठ थोपटली. काय बिघडलें होतें, तें कोणीं विचारलें नाहीं. मीं नुसतें “झालें नीट” म्हटलें असतें तर तें तेथेंच संपलें असतें, आणि मीं तसेंच म्हटलें. मग बसून सामना पाहूं लागलों. शतक पूर्ण केलेल्या लॉरा वोल्व्हार्डट् हिचा उंच चेंडू अमनज्योत कौर हिच्या हातांतून निसटला, पुन्हां निसटला, आणि अखेर तिनें तो पकडला. गोलंदाज दीप्ति होती. बहीण उड्या मारूं लागली व माझ्याशीं बोलूं लागली. पण माझें चित्त माजघराच्या दाराकडे होतें. आजीला क्रिकेट आवडतें. एरवीं ती अशा वेळीं बाहेर आल्यावांचून रहात नाहीं.

मी उठून आंत गेलों. मोबाईल अजून तिच्या मांडीवरच होता.

“आजी, नेट तूं खात नव्हतीस. मीच खात होतों.” मीं संगणकाची हकीकत सांगितली. तिला त्यांतलें कितपत कळलें कोण जाणें. ती एवढेंच म्हणाली, “मग आतां त्याला परत लावून दे.”

मीं काकांना कॉल लाविला व आजीला हाताला धरून बाहेर टी. व्ही.समोर आणून बसविलें. काका तिकडे सामनाच पाहत होते. रात्रीं बाराचा सुमार होता. शेवटची जोडी खेळत होती. आमच्या पडद्यावर दीप्ति गोलंदाजीच्या खुणेकडे परत चालली होती, तोंच मोबाईलमधून काका ओरडले, “आई, झेल घेतला हरमननें! जिंकलों आपण!” त्यांच्याकडे उपग्रहावरचें प्रक्षेपण, तें आमच्या पुढें. बहिणीनें दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.

आजीनें मोबाईल पदराखालीं झांकला आणि त्याला दटावून म्हणाली, “गप्प बैस जरा! इकडे अजून चेंडू टाकायचा आहे.”