घरातलं काय हलवायचं नाही?

मराठीत घर आणि बिऱ्हाड असे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक कोकणातल्या माणसाला शब्दकोश न उघडता कळतो. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीने लालबाग-परळच्या एका खोलीत तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं काढली. पोरंबाळं तिथेच झाली, केस तिथेच पिकले. पण "घर कुठे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: राजापूर, नाहीतर देवगड, नाहीतर मालवण. मुंबईत होतं ते बिऱ्हाड. वर्षातले साडेअकरा महिने जिथे राहायचं ते बिऱ्हाड आणि गणपती-शिमग्याला जिथे धावत जायचं ते घर!

म्हणजे 'राहतो ते घर' ही व्याख्या इथेच बाद झाली. मग घर म्हणजे नक्की काय? गेले दोन-तीन वीकएंड मी याच प्रश्नाच्या मागे आहे. कारण अगदी घरगुती आहे, पण ते शेवटी सांगतो. आधी जरा लांबून फिरून येऊ.

तुर्कस्तानात कोन्या शहराजवळ चातालह्योयुक नावाचं टेकाड आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे काही हजार माणसं राहत होती. गंमत म्हणजे त्या वस्तीत रस्तेच नाहीत! मातीच्या विटांची घरं एकमेकांना खेटून उभी, ये-जा गच्च्यांवरून आणि घरात शिरायचं ते छपरातल्या भोकातून शिडीने. घर जुनं झालं की ते पाडायचं, त्याच मातीने भरून काढायचं आणि जुन्या भिंतींच्या डोक्यावर पुन्हा तसंच घर बांधायचं. चूल बहुधा त्याच बाजूला, ओटेही तिथेच. भिंतींना पांढऱ्या मातीचा गिलावा इतक्या वेळा दिलेला की काही ठिकाणी त्याचे शेकडो पातळ थर मोजता येतात. असं हजारभर वर्षं चाललं, म्हणून तर टेकाड झालं. आणि घरातली माणसं मेली की ती त्या ओट्यांखालीच पुरायची. एका घराखाली साठाहून जास्त माणसं सापडली आहेत.

साहजिकच वाटतं की ही सगळी एका रक्ताची असणार. पण 2025 साली प्रसिद्ध झालेला डीएनएचा अभ्यास सांगतो की सुरुवातीच्या काळात एका घराखालच्या माणसांचं नातं दिसतं ते बरंचसं आईच्या बाजूने, आणि पुढे पुढे तर रक्ताचं नातं नसलेली माणसंही एकाच घराखाली पुरलेली आहेत. म्हणजे कुटुंबाने घर बांधलं यापेक्षा घराने कुटुंब बांधलं, असं म्हणावं लागेल.

हे सगळं कुठेतरी परदेशात, असं वाटत असेल तर थांबा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी 1968 पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. तिथेही मृत माणूस घरातच. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात, आणि तेही घराच्या जमिनीखाली. मोठ्या माणसांचे पाय मात्र बऱ्याचदा घोट्याखाली तोडलेले! अभ्यासकांचा अंदाज असा की गेलेल्याने घर सोडून जाऊ नये, म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता वाटतं, किती माया असेल... आणि किती भीती.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. जपानमध्ये इसे इथलं सूर्यदेवीचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. शेजारी-शेजारी दोन जागा आहेत. एकीवर जुनं देऊळ उभं असताना दुसरीवर कोऱ्या लाकडाचं हुबेहूब तसंच देऊळ बांधायचं, देवीला तिकडे न्यायचं आणि जुनं उतरवायचं. सातव्या शतकाच्या अखेरीपासून, मधला युद्धांचा खंड सोडला तर, हे चालू आहे. 2013 साली बासष्टावी खेप झाली, पुढची 2033 साली. तिथे लाकूड जुनं नाही, जागासुद्धा आलटून-पालटून. टिकवलंय काय, तर बांधण्याची रीत. वीस वर्षांत एका पिढीचा सुतार दुसऱ्या पिढीला हाताला धरून शिकवून मोकळा होतो. (साध्या माणसांच्या घरांचंही जपान्यांना फारसं अप्रूप नसावं. तिथल्या कर खात्याच्या हिशेबात लाकडी घराचं आयुष्य 22 वर्षं धरलेलं आहे!)

आणि मंगोलियातल्या मेंढपाळाचं घर तर गाडीवर घालून नेता येतं. जाळीच्या भिंती, वर लोकरीचा नमदा, तास-दोन तासांत उभं. जागा दर मोसमाला वेगळी. पण दार दक्षिणेलाच, चूल मधोमध, पुरुषांची आणि पाहुण्यांची बाजू पश्चिमेला, बाईची नि स्वयंपाकाची पूर्वेला, आणि दाराच्या समोर उत्तरेला मानाची जागा. म्हणजे उजाड माळावर कुठेही सोडलं तरी आत पाऊल टाकल्यावर प्रत्येकाला आपली जागा कळते.

माझ्यासारख्या दिवसभर कोडमध्ये डोकं घालून बसणाऱ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसली. जुनी सिस्टीम नव्याने लिहायला घेतली की आमच्याकडे पहिला प्रश्न 'काय बदलायचं' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'कशाला हात लावायचा नाही?' तेवढं ठरलं की बाकी सगळं बदलायला मोकळं. प्रत्येक समाजाने घराच्या बाबतीत हेच केलेलं दिसतं. कुणी जागा धरून ठेवली, कुणी माणसं, कुणी रीत, कुणी दिशा. ती एक गोष्ट जाग्यावर आहे तोवर ते घर. ती गेली की चार भिंती.

तर आता ते घरगुती कारण. राजापूर तालुक्यातलं आमचं मूळ घर जांभ्या दगडाचं, कौलारू. काका गेले, काकू ठाण्याला मुलाकडे आली आणि घर अकरा-अकरा महिने बंद राहायला लागलं. वाशांना वाळवी, कौलांवर वानरांचा धुडगूस. मोठा चुलतभाऊ म्हणतो, पाडून स्लॅबचं बांधू, दोन बेडरूम नि ॲटॅच्ड बाथरूमसकट, म्हणजे पोरं यायला तरी तयार होतील. धाकटा अमेरिकेतून म्हणतो, खर्च कशाला, गणपती ठाण्यालाच आणू. चुकीचं दोघांचंही नाही, हीच तर अडचण. व्हॉट्सॲपवर महिनाभर रणधुमाळी चालली होती.

शेवटी मी काकूला ऑफिसातला प्रश्न विचारला. "काकू, बाकी काय व्हायचं ते होऊ दे. काय हलवायचं नाही, तेवढं सांग."

मला वाटलं होतं, देवघर म्हणेल. ती म्हणाली, "माटवीखाली गणपती बसतो ना, त्याच्या मागची भिंत ठेवा. ती कुणी पाडायची नाही. आणि पडवीला ग्रिल नको रे बाबा. येणारा-जाणारा टेकतो तिथे."

ती भिंत आम्ही दर वर्षी गणपतीआधी रंगवतो. पोपडा निघाला तर खाली निळा रंग दिसतो, त्याच्याखाली गुलाबी, त्याच्याखाली चुना. किती हात फिरलेत त्याच्यावरून, कुणी मोजलेलं नाही. चातालह्योयुकच्या गिलाव्याचं वाचताना मला तीच भिंत दिसत होती, हे वेगळं सांगायला नको.

इंजिनिअर म्हणाला, जुनी भिंत मध्ये ठेवून भोवती स्लॅब टाकता येईल, पण खर्च वाढेल. वाढीव खर्च तिघांनी वाटून घ्यायचं ठरलं आहे, धाकट्यानेही कुरकुर न करता हो म्हटलं. पडवीचं मात्र अजून अडलंय. बंद घराला ग्रिल नको म्हणणं आजच्या काळात अवघड आहे, आणि ग्रिल लावल्यावर येणारा-जाणारा टेकणार कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नाही. बघू.

मंडळी, एक सुचवतो. तुमच्या घरात काय हलवायचं नाही, ते घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारून ठेवा. आपण मनात धरलेलं उत्तर आणि त्यांचं उत्तर एकच असेल असं नाही. आणि हा प्रश्न फार उशिरा विचारून चालत नाही.