बाबांची संध्याकाळची गोळी

बाबांची दम्याची संध्याकाळची गोळी मी बंद केली आणि तिच्या जागी दुधातून कोको देऊ लागलो. डॉक्टरांना न विचारता.

बाबांची उमेदीची वर्षं खामगावच्या जिनांमध्ये गेली. दिवाळीनंतर कापूस आला की रुईची भुकटी नाकातोंडात जायची. म्हातारपणी छाती वाजायला लागली. गोळी थिओफिलिनची. ती घेतली की हात कापायचे, रात्र जागून काढावी लागायची. "थे गोई नको देऊ मले, बाप्पा," म्हणायचे. तेवढ्यात माझ्या वाचनात आलं, की कोकोतलं थिओब्रोमिन खोकला थांबवतं. २००५ साली लंडनच्या एका प्रयोगात ते कोडीनपेक्षा सरस ठरलं. थिओफिलिन त्याच्याच कुळातलं. मग नैसर्गिकच देऊ, असं मी ठरवलं.

तो प्रयोग मी नीट वाचलाच नव्हता. माणसं दहा आणि निरोगी. मिरचीतलं तिखट द्रव्य हुंगवून त्यांना मुद्दाम खोकला आणलेला. दम्यानं आवळलेल्या श्वासनलिकांचा तिथं प्रश्नच नव्हता. मात्रा १००० मिलिग्रॅम. कोको पावडरमध्ये थिओब्रोमिन साधारण २ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम पावडर लागली असती. मी चमचाभर घालत होतो. शिवाय श्वासनलिका सैल करण्यात ते थिओफिलिनपेक्षा दुबळं. आणि नैसर्गिकच म्हणायचं, तर थिओफिलिनही १८८८ साली चहाच्या पानातच सापडलेलं.

एका रात्री बाबा उठून बसले. हात गुडघ्यांवर टेकलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, वाक्य पुरं होईना. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" मी "हो" म्हणालो. गोळी बंद करण्यापेक्षा ही चूक मोठी. रक्तात औषध आधीच आहे असं समजून डॉक्टरांनी त्याच जातीचं इंजेक्शन दिलं नाही. त्याची पुरेशी आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं, जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात. वाफारा चालू होता, पण दम उतरेना. मग व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून खरं सांगितलं. "शेवटची गोळी कधी दिली?" एवढंच विचारून ते आत गेले.

सुटी देताना त्यांनी बाबांना विचारलं, बिडी कधी सोडली? बिडीच्या धुरानं यकृत हे औषध लवकर संपवतं; बिडी सुटली की तीच गोळी अंगात साठायला लागते. मात्रा कमी केली आणि हात कापायचे थांबले. ती तक्रार बाबा कितीतरी दिवस माझ्याकडे करत होते. डॉक्टरांपर्यंत मी ती नेलीच नव्हती.